चौथ्या रचनेतला एकाकी स्वर

"माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्मतो, साडूभाऊ. आणि या शतकाने आपला वाटा उचललेला आहे."

अन्वेषणसम्राट हे म्हणाले तेव्हा ते स्टुलावर उभे होते आणि साडूभाऊ तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पँटच्या पायाची पट्टी दुमडत होते. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना या विधानावर काही बोलता आलं नाही. असल्या सोयी शिंपीकामात पुष्कळ असतात.

'अन्वेषणसम्राट' ही पदवी सम्राटांनी स्वतःच स्वतःला दिली होती. कुणी देईल म्हणून वाट बघत बसले असते तर उमेदीची वर्षं गेली असती. त्याआधी तीस वर्षं ते बसस्थानकावर 'हरवले-सापडले'च्या खिडकीत होते. तिथे त्यांनी हजारो छत्र्या पाहून त्यांच्या मालकांचा स्वभाव, व्यवसाय आणि वैवाहिक सुखाचं प्रमाण अचूक सांगितलं. मालक मात्र एकीचाही सापडला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी साडूभाऊंच्या शिवणकामाच्या दुकानात पुढच्या बाजूला कचेरी थाटली. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आपापला नवरा दिवसभर घराबाहेर असावा यावर बहिणींचं एकमत होतं, आणि त्यातूनच ही संस्था उभी राहिली.

त्या बुधवारी सकाळी चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी दारात आली. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं.

"मी कंडक्टर आहे," ती म्हणाली.

"कुठल्या मार्गावर?" सम्राटांनी विचारलं.

"बिग बँडची. जॅझ वाजवतो आम्ही."

सम्राटांनी अशी मान हलवली, जणू तो मार्ग त्यांच्या पायाखालचा होता.

प्रकरण असं होतं. मुलीच्या बँडमध्ये सतरा जण, सगळ्यात थोरला सव्वीस वर्षांचा. दीड वर्ष तालीम करून त्यांनी पहिला कार्यक्रम केला. गावात ज्याचं लिहिणं सगळे वाचतात असा समीक्षक एकच, आणि त्याने लिहिलं होतं: 'सतरा वाद्यं आणि सतरा मतं. तरुणांच्या अंगात जोर आहे. तो त्यांनी फर्निचर हलवायला वापरावा. मात्र चौथ्या रचनेच्या मधल्या शांततेत कुठूनसा एक बारीक, उंच, एकाकी स्वर आला. तो वाजवणाऱ्याला काहीतरी मनापासून सांगायचं होतं. हा एक स्वर मोठ्या सभागृहात ऐकण्याच्या लायकीचा आहे.'

"हे वाचून आमची मंडळी खचली आहेत," मुलगी म्हणाली. "निम्मे सोडून जायच्या गोष्टी करतात. पण मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकांनी तेवढी शेवटची ओळ वाचली आणि या रविवारी दुपारी आम्हाला बोलावलं. अट एकच, तो स्वर पाहिजे."

"मग वाजवा की."

"काय वाजवू? तिथे आठ मात्रा सगळे गप्प असतात. मीच लिहिलंय ते. तो स्वर आमच्यापैकी कुणी वाजवलेलाच नाही."

सम्राट स्टुलावरच ताठ झाले. "मुली, या बँडचं पितळ मी उघडं पाडीन."

"ते उघडंच असतं," ती म्हणाली. "ट्रंपेटला झाकण नसतं."

गुरुवारी तपास सुरू झाला. बँडची तालीम एका लाँड्रीवरच्या खोलीत चाले. खोलीत सतरा खुर्च्या, सतरा माणसं आणि खालून येणारी इस्त्रीची वाफ. साडूभाऊ कोपऱ्यात बसून ऐकू लागले. जॅझमधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण कापड कळत होतं. हे कापड उंची आहे, त्यांना वाटलं. खांद्याला जरा ओढ येते एवढंच. उसवून फेकून द्यावं असं तर मुळीच नाही. एका रांगेतली पोरं वाजवून झाल्यावर एकमेकांकडे बघत नव्हती, हेही त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना वाईट वाटलं.

सम्राट मात्र सुतावरून स्वर्ग गाठायला निघाले होते. पहिला सिद्धान्त: स्वर म्हणजे एका मत्सरी वादकाची शिट्टी. त्यांनी सतराही जणांना एकाच वेळी शिट्टी वाजवायला लावली. ती सगळ्यांनाच येत होती. खालून लाँड्रीवाला काय पेटलं म्हणून धावत वर आला.

दुसरा सिद्धान्त: बँडमध्ये अठरावा माणूस होता आणि तो मोठ्या बास व्हायोलिनच्या पेटीत लपला होता. हे शक्य आहे हे दाखवायला सम्राट स्वतः पेटीत शिरले. शक्य होतं. पेटी मात्र बाहेरूनच उघडत होती. आतून ते बराच वेळ काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात बँडची पाचवी रचना सुरू झाली होती आणि ती लांबलचक होती.

"साडूभाऊ," बाहेर आल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "अंधारात मला उजेड पडला. स्वर नव्हताच. समीक्षक खोटं बोलतोय!"

शुक्रवारी दुपारी दोघे समीक्षकाच्या घरी गेले. घर तबकड्यांनी भरलेलं, बसायला जागा बेताची. समीक्षक सत्तरीचा, किडकिडीत. त्याची थोरली बहीण, जिला तो ताई म्हणे, चहा घेऊन आली आणि तिथेच खुर्चीत टेकली.

"तो स्वर मी या कानांनी ऐकला," समीक्षक म्हणाला. "चाळीस वर्षं ऐकतोय. अजून अंगावर काटा येतो."

"काटा येतो की तुम्ही तो आणता?" सम्राट गरजले आणि आरोपपत्र वाचू लागले. त्यांचा आवाज मुळातच खिडकीपलीकडच्या रांगेसाठी घडलेला. तिसऱ्या मुद्द्याला ताईंनी कपाळाला आठी घातली, कानाचं मशीन काढलं, मुठीत धरलं आणि शांतपणे चहा पिऊ लागल्या.

खोलीत एक बारीक, उंच, एकाकी स्वर उमटला.

समीक्षक ताडकन उठला. "हाच! हाच तो!" त्याने खिडकी उघडून बाहेर पाहिलं. सम्राटांनी कपाट उघडून आत पाहिलं. साडूभाऊंनी ताईंच्या मुठीकडे पाहिलं.

"ताई," त्यांनी खुणेने विचारलं, "जरा मूठ उघडता?"

मूठ उघडली, स्वर थांबला. मिटली, सुरू झाला.

"कानामागून आला आणि तिखट झाला," साडूभाऊ पुटपुटले.

ताईंनी मशीन पुन्हा कानात घातलं आणि सगळा खुलासा ऐकून घेतला. "नवीन आहे हो, गेल्याच आठवड्यात घेतलं. घरी काढलं की बंद करून डबीत ठेवते. त्या दिवशी कार्यक्रमात अंधारात बटण सापडेना, मग तशीच मुठीत धरून बसले."

"पण ताई, तू ते काढलंस कशाला?" समीक्षकाचा आवाज अगदी खाली गेला होता.

"त्यातून ट्रंपेट ऐकायचा म्हणजे कानात भांडी घासल्यासारखं होतं. काढल्यावर कसं छान झालं! ढोल खुर्चीतून पाठीत यायला लागला. इतक्या वर्षांत तुझ्याबरोबर शेवटपर्यंत जागी राहिले, ती त्याच दिवशी." त्यांनी कप खाली ठेवला. "तू विचारलंस कुठे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा असं साडूभाऊंच्या मनात आलं. पण समीक्षकाचं तोंड बघून त्यांनी ते मनातच ठेवलं.

ही हकिकत मुलीला सांगणं साडूभाऊंच्याच वाट्याला आलं. ती लाँड्रीच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"म्हणजे आख्ख्या कार्यक्रमात त्यांना आवडलेली एकच गोष्ट, आणि तीही आमची नाही."

"त्यांना नाही आवडलं, खरं आहे," साडूभाऊ म्हणाले. "पण शेजारच्या खुर्चीला आवडलं."

मग त्यांनी तिला ढोलाचं सांगितलं. तिने ते दोनदा सांगायला लावलं. नंतर तिने तिथूनच व्यवस्थापकांना फोन केला. "तो स्वर नाही मिळणार. तो आमचा नव्हता. तरी बोलावणार असाल तर आम्ही सतरा जण येतो."

मग व्यवस्थापक म्हणाले, पोस्टरं लागली आहेत, आता काय करता, या.

रविवारी सभागृह निम्मं भरलं. चौथ्या रचनेत सगळे थांबले. आठ मात्रा. कुठूनही काही आलं नाही, आणि मग सतराच्या सतरा जण एकदम असे आत शिरले की पुढच्या रांगेतला एक जण दचकून उभाच राहिला.

दुसऱ्या दिवशी समीक्षकाने लिहिलं: 'गेल्या खेपेचा तो शिट्टीवजा स्वर बँडने गाळला, हे बरं केलं. माझ्या लेखाचा परिणाम असावा.' सम्राटांनी ते कात्रण 'उलगडलेली प्रकरणं' अशा नावाच्या नव्याकोऱ्या फायलीत लावलं.

पण त्याआधी, रविवारी पडदा पडल्यावर ताई काठी टेकत थेट रंगमंचामागे गेल्या होत्या. मुलं वाद्यं पुसत होती.

"ढोल वाजवणारी कोण?" त्यांनी विचारलं.

एका ठेंगण्या मुलीने भीतभीत हात वर केला.

"तू बरोबर आहेस. बाकीच्यांनो, हिच्या मागून चला. पुढे पळता तुम्ही. विशेषतः ते लांब नळीवाले."

ट्रॉम्बोनवाले चौघे एकमेकांकडे बघू लागले. कंडक्टर मुलीने पेन्सिल काढली, आणि ताईंचं वाक्य जसंच्या तसं स्वरलिपीच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहून घेतलं.