साळूताईंच्या पुस्तकातली चूक

एका जंगलात, बाळांनो, एक वाचक मंडळ होतं. हसू नका. तुमच्या गावात असतं, मग जंगलात का नसावं?

मंडळाची एक पद्धत होती. लेखकाने तोंड मिटून समोर बसायचं. वाचकांनी बोलायचं आणि पुस्तकातली एक तरी चूक काढायचीच. नुसतं "आवडलं" म्हणणारा अडाणी समजला जाई. अध्यक्ष कोल्हेसर तर पुस्तक न वाचताही चूक काढीत. अभ्यासच तेवढा होता हो!

त्याच जंगलात साळूताई राहायच्या. लेखिका होत्या. नाव तुम्ही ऐकलं नसेल; जंगलातही फारसं कुणी ऐकलं नव्हतं. त्या काळ्याकुट्ट गोष्टी लिहायच्या. बिळात गुदमरणारे जीव, दाराशी थांबलेली सावली, असलं काहीबाही.

मंडळ जाम खूश!

"काय भयंकर लिहिता हो!" ससेराव म्हणाले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मजा आली."

"अगदी खरं वाटतं बाई," खारूताई म्हणाली. "सुचतं तरी कसं तुम्हाला?"

सुचायचंय काय त्यात? दुष्काळाच्या साली साळूताई पाणी शोधायला लांब गेल्या होत्या. परत आल्या तर बिळाच्या तोंडावर हा भलामोठा दगड. आत आजारी आई. मेलेली.

"दरड कोसळली, कोण काय करणार!" सगळे म्हणाले. सपाट माळावर दरड! साळूताईंनी घरोघर विचारलं, कुणी लोटला दगड? रडून विचारलं, पाया पडून विचारलं. पण सगळ्यांचं उत्तर एकच. दरड.

शेवटी त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. ठाऊक नव्हतं तिथे अंदाजाने लिहिलं, की कुणीतरी एकट्याने रागाच्या भरात तो दगड लोटला असावा.

झालं! मंडळाचं तोंड कडू झालं.

"त्या गोष्टी खऱ्या वाटायच्या," ससेराव म्हणाले. "हे काही पटत नाही."

"फारच निगेटिव्ह," खारूताईने नाक मुरडलं. "घरातलं दुःख असं चव्हाट्यावर मांडतात का कुणी?"

"मी पुस्तक वाचलेलं नाही," कोल्हेसर म्हणाले, "पण त्यात समतोल नाही. दगडाची बाजू कुठे आलीय?"

साळूताई मान खाली घालून ऐकत होत्या. आईही गेली आणि पुस्तकही गेलं, असं त्यांना वाटलं.

पण पद्धत ती पद्धत. चूक काढायची राहिलीच होती की! ससेराव उठले.

"म्हणे एकट्याने लोटला! अहो, तो दगड एकट्याला हलेल तरी का? सर वरून ढकलत होते, मी खालून रेटत होतो, तरी हलेना!"

"आणि रागाच्या भरात कसला?" खारूताई फणकारली. "रीतसर बैठक घेतली होती. म्हातारीचा खोकला आमच्या पिल्लांना लागला असता म्हणजे?"

"ठराव एकमताने झाला होता," कोल्हेसरांनी चष्मा सारखा केला. "लेखिकेने एवढी तरी चौकशी करायची. म्हातारी आतून दोन दिवस हाका मारत होती, त्याचा साधा उल्लेख नाही. संशोधन कच्चं आहे."

साळूताईंनी पद्धत मोडली. त्या बोलल्या.

"कुणाला हाका मारत होती?"

"तुम्हालाच की," ससेराव म्हणाले. "साळे, साळे करत होती."

कोल्हेसर घाईघाईने म्हणाले, "चला, चहा आलाय." चहा आलेला नव्हता.

साळूताई तिथेच बसून ढसाढसा रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांना दरड कोसळली म्हणालं नव्हतं.

मग त्यांनी दुसरी आवृत्ती काढली. सगळ्या चुका दुरुस्त केल्या. चूक दाखवणाऱ्यांचे नावानिशी आभारही मानले.

मंडळाचं मत पडलं की पहिली आवृत्ती बरी होती.

तात्पर्य : बाळांनो, खरं बोला असं कुणाला सांगत बसू नका. पुस्तकात एक चूक ठेवा आणि जाणकार वाचकांना बोलवा. आणि दगड तुम्हीच लोटला असेल, तर "आवडलं" एवढंच म्हणा आणि मुकाट्याने घरी जा. अडाणी ठरलात तरी चालेल.