वैनगंगा उलटी वाहिली

रंजिताच्या वहीतलं एकही वाक्य धड शेवटाला पोचत नसे. 'भाताच्या पिकाला' एवढं लिहून खाली थेट 'म्हणून कोळसा'. सौंदडजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन असलेल्या गुलाबरावांनी ती वही पाहिली आणि रंजिताला समोर बसवलं. पोरगी सातवीत, शिष्यवृत्तीच्या जादा वर्गात तिचं नाव लागलेलं. त्यांच्या घरातलं नाव असं कुठं लागायची ही पहिलीच वेळ होती.

"काऊन वं, मधातलं कुठं गेलं?"

"मी लिवूनच राहिली होती बाबा, सर पुढं निघून गेले."

गुलाबरावांना एकच पद्धत ठाऊक होती, फाटकाची. स्टेशनमास्तर फोनवर निरोप देणार, गेटमन तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवणार, तिकडून 'बरोबर' आलं की मगच नोंद. या पद्धतीमुळे त्यांच्या फाटकावर आजवर कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

"सरांचं वाक्य झालं का परत मनून दाखवायचं. सर 'बरोबर' मनले का मंग लिवायचं. आधी नाही."

पोरगी आज्ञाधारक निघाली, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. भूगोलाच्या बिसेन सरांचं प्रत्येक वाक्य ती उभी राहून परत म्हणू लागली. सरांना आधी कौतुक वाटलं, मग वैताग आला, आणि शेवटी ते न ऐकताच "हो, बरोबर, लिही" म्हणू लागले. रंजिता सावकाश बोलते, म्हणून सगळा वर्ग सरांना सोडून तिचंच ऐकून लिहू लागला. अशात एकदा तिची जीभ घसरली. "वैनगंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बरोबर, सर?" सर फळा पुसता पुसता "बरोबर" म्हणाले. चाचणीत अख्ख्या वर्गानं वैनगंगा उलटी वाहवली आणि पेपर हेडमास्तरांच्या हाती पडले.

गुलाबरावांना शाळेत बोलावणं आलं. रेल्वेत बोलावणं म्हणजे चौकशी, अन् चौकशी म्हणजे कुणाचा तरी बळी. वाटेत रंजितानं रडत रडत सगळं सांगितलं. हेडमास्तरांसमोर गुलाबराव अंग चोरून उभे राहिले.

"हिच्यामुळं पूरा वर्ग बुडाला," बिसेन सर म्हणाले. "शिष्यवृत्तीतून नाव काटा हिचं."

हेडमास्तरांनी मान डोलावली. "गुलाबराव, उद्यापासून मुलीनं वर्गात काही विचारायचं नाही. सर सांगतील ते गुपचूप लिहायचं. समजलं?"

भीतीनं गुलाबरावांचं डोकं रिकामं झालं होतं. उरली होती ती नोकरीची सवय. ते ताठ उभे राहिले.

"परत सांगतो सर. पोरीनं काही विचारायचं नाही. सर न आयकता 'बरोबर' मनले तरी गुपचूप लिवायचं. वर्ग बुडला तर नाव पोरीचं काटायचं. बरोबर, सर?"

हेडमास्तरांनी सावकाश बिसेन सरांकडे पाहिलं. बिसेन सर खिडकीबाहेर पाहू लागले. गुलाबराव तसेच उभे होते; तिकडून 'बरोबर' आल्याशिवाय जागा सोडायची नसते. ते काही आलं नाही.

"जा तुम्ही," हेडमास्तर शेवटी म्हणाले. "नाव राहू द्या तिचं. बिसेन, तुम्ही थांबा जरा."

आठवड्यानं गुलाबरावांनी भीत भीत विचारलं, "आता सर आयकतेत का तुह्यं?"

"आता सरच इचारतेत बाबा. एक वाक्य सांगतेत अन् माह्याकडं पाहतेत, 'बरोबर का, रंजिता?'"

गुलाबरावांच्या चेहऱ्यावर पुन्हा काळजी पसरली.

"पाहजो बाई," ते म्हणाले, "न आयकता 'हो' नोको मनजो."