पायथॉनच्या हाती धाडलेलं निमंत्रण

गुणवंतभाऊंना बोलवायला आपण स्वतः जायचं नाही, असं मी ठरवलं. खरं म्हणजे एवढंच ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट व्हावं असा हेतू नव्हता. थंडी होती, रस्ता खराब होता, आणि माझी मोटारसायकल मला फारशी जुमानत नाही.

गुणवंतभाऊ म्हणजे माझ्या बायकोचे, कमळाचे, थोरले भाऊ. पोंभुर्ण्याकडे त्यांची धानाची शेती आहे. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटक लागतं. नाटक हे निमित्त. खरा कार्यक्रम पाहुण्यांचा. नाटकाला ज्याच्या घरी पाहुणे नाहीत, त्याच्याकडे गाव संशयाने बघतं. मागे एकदा मी भाऊंचं निमंत्रण बसच्या कंडक्टरजवळ धाडलं होतं. तेव्हापासून ते जे रुसले, ते आमच्या घरी आलेच नाहीत. दर नाटकाला कमळा अर्ध्या जेवणातून उठून वाटेकडे बघून यायची. मला ते बघवत नसे. (पण उठून भाऊंच्या गावी जावं, इतकंही बघवेनासं होत नसे.)

“अजी, यंदा तुमी सोता जा,” ती म्हणाली. “दादा मोठा मानी हाय. कोणाच्या हाती निरोप धाडाल तं पुन्हा नाई येणार.”

“जातो ना,” मी म्हणालो.

मी कॉलेजात संगणक शिकवतो. त्यातही ‘सी’ ही प्रोग्राम लिहायची भाषा. ही जुनी, शिस्तीची भाषा आहे, पण हल्लीच्या पोरांना पायथॉन या सुटसुटीत भाषेशिवाय काही सुचत नाही. परीक्षेच्या सूचना पाठवायला आमच्या लॅबमधल्या संगणकाला सिमकार्डाचं एक यंत्र जोडलेलं होतं. त्यावरून सगळ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर एका फटक्यात निमंत्रण धाडावं, असा माझा बेत होता. हे काम पायथॉनला चार ओळींत जमतं, सीला पानंच्या पानं लागतात. पण सीच्या मास्तरानं पायथॉनमध्ये लिहायचं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. म्हणून मी मधला मार्ग काढला. प्रोग्राम सीचा, आणि त्याच्या पोटातून पायथॉनला हुकूम. सीनं ‘पाठव’ म्हणायचं, पायथॉननं राबायचं, आणि ते होईस्तोवर सीनं हाताची घडी घालून उभं राहायचं. (आमच्या घरची व्यवस्था साधारण अशीच आहे. सी मी.)

काम झालं की पायथॉन परत येऊन काय झालं ते सांगतो. निरोप गेला असेल तर सीनं पुढच्या पाहुण्याकडे वळायचं, नसेल गेला तर त्यालाच पुन्हा पाठवायचा. मानाचे म्हणून भाऊंना पहिला नंबर दिला. त्यांच्यामागे माझी बहीण रुखमाबाई, मग काका, मग माझी सगळी भावकी. प्रोग्राम सुरू केला, पडद्यावर भाऊंचं नाव उमटलेलं पाहिलं, आणि लॅबला कुलूप लावून शिट्टी वाजवत घरी आलो.

“दादाले सांगतलं?” कमळानं विचारलं.

“सांगितलं.”

“का म्हणे?”

“काही म्हणाले नाहीत.” (हे मात्र शब्दशः खरं होतं.)

नाटकाच्या दिवशी सकाळीच आमच्या दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत गुणवंतभाऊ, वहिनी, भाऊंचे धाकटे भाऊ, त्यांच्या बायका, शेजारचा मुखरू आणि मुखरूची सासू. भाऊ उतरले ते सरळ माझ्या गळ्यात पडले.

“जवाई, पहिला निरोप आला, म्हटलं, रीत म्हणून धाडला असन,” ते म्हणाले. “दुसरा आला, म्हटलं, लोकलाजेस्तव असन. मंग खळ्यावर गेलो तं निरोप येऊन राह्यला, जेवाले बसलो तं येऊन राह्यला. माणूस दिवसभर एकच म्हणून राह्यला, सहकुटुंब यावे, वाट पाहतो. मले रडू आलं. म्हटलं, आपुनच दगड हावो. आन् एवढ्या येळा सहकुटुंब म्हटल्यावर शेजाऱ्याले मागं ठेवणं बरं दिसते का?”

कमळा पदरानं डोळे पुसत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी नम्रपणे मान खाली घातली. माझ्या हिशेबानं मी एकच निरोप पाठवला होता.

परसात जाऊन रुखमाबाईला फोन केला आणि अजून कशी निघाली नाहीस म्हणून विचारलं.

“कुठी याचं?” ती म्हणाली. “मले कोणी बोलावलं?”

काकांनी तर फोनच उचलला नाही. तसाच लॅबकडे पळालो. पडद्यावर अजूनही भाऊंचंच नाव. पायथॉनकडे काम बिनतक्रार झालं की ‘शून्य’ सांगायची रीत आहे. तक्रारी शून्य. सीमध्ये शून्य म्हणजे ‘नाही’, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, पोरांकडून घोकून घेत आलो. पायथॉन दर वेळी इमानानं शून्य सांगत होता, माझा प्रोग्राम ‘नाही गेला’ असं समजून पुन्हा त्याला पिटाळत होता, आणि भाऊंच्या मागे कुणाचा नंबर लागलाच नव्हता. माझ्या बाजूचं सगळं गणगोत एका दमात रुसलं होतं.

कमळाला खरं सांगून टाकलं.

“म्हणजे दादाले तुमी नाई, त्या यंत्रानं बोलावलं,” ती म्हणाली.

“यंत्राला मीच सांगितलं होतं.”

“मंग आधी त्याले जेवाले वाढू. तुमी थांबा जरा.”

पण ती मनातून खूश होती, आणि तिला तसं पाहून मलाही बरं वाटलं. नाटक झालं, वहिनींना आणि बाकीच्यांना घेऊन ट्रॅक्टर परत गेला, मुखरू गेला, त्याची सासूही गेली. भाऊ राहिले. “एवढ्या आग्रहानं ज्यानं बोलावलं, त्याच्या घरून झटकन उठून जाणं बरं नाई,” असं त्यांचं म्हणणं. माझ्या खाटेवर ते झोपतात, मी ओसरीत. आंघोळीचं गरम पाणी आधी त्यांना, उरलं तर मला. रोज मासळी आणायला मीच जातो. उन्हं तापू लागली तरी त्यांच्या जाण्याचं चिन्ह दिसेना.

शेवटी काल लॅबमध्ये बसून प्रोग्राम नीट केला आणि वहिनींच्या नावानं भाऊंना एक निरोप धाडला : धानाला गिऱ्हाईक आलंय, ताबडतोब घरी यावे. पायथॉननं शून्य सांगितलं. या वेळी सीला त्याचा बरोबर अर्थ कळला. मी आनंदानं घरी आलो. भाऊ माझ्या खाटेवर उताणे पडले होते.

“भाऊ, मोबाईलवर काही निरोप वगैरे आला का?” मी सहज विचारलं.

“मोबाईल?” ते म्हणाले. “तो तं घरून निघतानीच बंद करून पेटीत टाकला, जवाई. ज्यानं बोलवाचं होतं त्यानं बोलावलं. आता मोबाईलचं का काम?”