आधी पहिलं दार लाव!

आमच्या शेजारचे बाळारामदादा घरत हे मोबाईलवरची मालिका उभं राहून बघतात. ओटीवर ऐसपैस झोपाळा आहे, दोन खुर्च्या आहेत. पण मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा आणि हात कमरेवर ठेवून पाऊण तास ताटकळायचं, हा त्यांचा शिरस्ता. सुरुवातीला मी एकदा खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "पहाऱ्यावरचा मानूस बसला का त्याचा डोला लागतो, बाई." कसला पहारा ते कळायला मला काही आठवडे लागले. हे गृहस्थ अंतराळयानाच्या दारांवर पहारा देत होते.

मालिकेचं नाव 'ध्रुवयान'. आमच्या लहानपणी ती रविवारी सकाळी लागायची आणि तिच्यापायी घराघरांत आंघोळी खोळंबायच्या. माणसांचं एक यान नवं घर शोधत ताऱ्यांमधून भटकतं, एवढीच गोष्ट. ती संपून जमाना झाला. मग अलीकडे कोणाला तरी उमाळा आला आणि 'ध्रुवयान'चा नवा अवतार मोबाईलवर सुरू झाला. नवे नट, नवं यान, दर शनिवारी दुपारी नवा भाग. तेव्हापासून उरणजवळच्या आमच्या या गावात ग्रामपंचायतीचे सोडून आणखी दोन पक्ष झाले, जुनंवाले आणि नवंवाले. जुन्या पक्षात दादा एकटेच आहेत, पण आवाजाच्या जोरावर बहुमत त्यांचंच असतं.

दादांनी तीस वर्षं मिठागरावर काढली. काम दारांचं. उधाणाची भरती आली की बाहेरचं दार उघडून खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं, ते दार लावायचं, आणि मगच आतलं दार उघडून पाणी वाफ्यांकडे सोडायचं. दोन्ही दारं एकदम उघडी राहिली तर समुद्र सरळ आत, आणि पिकलेलं मीठ आल्या वाटेने परत. आपल्या हातून असं एकदाही झालं नाही, हे दादा ओळख करून देताना नावाच्या आधी सांगतात. आता त्या जागेवर कंटेनर रचलेले असतात.

तर यानालाही दोन दारं असतात. बाहेरून माणूस आला की पहिलं दार लागतं, हवा भरते, मग दुसरं उघडतं. जुन्या मालिकेतला कप्तान पहिलं दार लागल्यावर ते स्वतः खांद्याने ढकलून बघायचा. हा माणूस मिठागरावर कामाला ठेवण्यासारखा आहे, असं दादांचं मत. नव्या मालिकेच्या तिसऱ्या की चौथ्या भागात यान पेटलेलं, दोन्ही दारं सताड उघडी, आणि नवी कप्तानीण केस मोकळे सोडून त्यातून आरपार पळत आली. दादांची आरोळी आळीच्या टोकापर्यंत गेली.

"अगं, पहिलं लाव! आधी पहिलं दार लाव!"

समोरच्या घरातल्या सूनबाईंनी घाबरून खरोखरच स्वतःचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर या भागांचा पंचनामा होतो. नवंवाल्यांचा पुढारी महेश. त्याचे दोन ट्रेलर बंदरावर चालतात.

"दादा, ग्राफिक्स बघा ना यार! क्या सीन बनवलाय! तुमच्या जुन्या यानाला तर मागून दोरी बांधलेली दिसायची."

"दोरी होती, पन दार लावीत होते," दादा म्हणतात. "आनी तो गेल्या शनवारचा भाग काय होता? दोन चांद असलेल्या मुलखात समिंदर कसा, तर तळ्यागत! एक चांद हाय तर आपल्याकडं पुनवेला पानी बांधावर चढतं. दोन असल्यावर काय व्हईल? आनी हे दाखवतात अष्टमीचं पानी, मेलेलं! त्यांना तिथी कोन सांगतो का नाय?"

"कप्तान बाई आहे म्हणून तुम्हाला आवडत नाही," महेश डिवचतो.

"बाई हाय म्हनून नाय. दार लावीत नाय म्हनून." मग ते माझ्याकडे वळतात. "बाई, तुमी शालेत विज्ञान शिकवता. सांगा याला."

मी चहा फार गरम असल्यासारखी फुंकर मारत राहते. खरं सांगायचं तर मला नवी मालिका आवडते. पण आमच्या आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा दादांच्या परसातून येतात, त्यामुळे हे मत मी अजून कुठे बोललेलं नाही.

एकदा महेशने विचारलं, एवढी भिकार आहे तर बघता कशाला? दादांनी ग्लास खाली ठेवला आणि चारचौघांत जाहीर केलं, "ज्या दिवशी ही बंद पडंल त्या दिवशी आख्ख्या आलीला पेढे वाटीन."

बघता कशाला, याचं उत्तर मला माहीत होतं. आमची दोन घरं एका भिंतीची, आणि दादांचा मोबाईल गजाला बांधलेला असल्यामुळे ते स्पीकर लावूनच बोलतात. त्यांची एकुलती एक लेक रंजना नागपूरला बँकेत आहे. दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, होत्या तेव्हा रंजनाचा फोन त्यांना यायचा आणि दादांच्या वाट्याला शेवटचं "बरं हाय ना?" यायचं. वहिनी गेल्या आणि बापलेकीला एकमेकांशी थेट बोलायची वेळ आली. तेव्हा असं दिसलं की दोघांनाही ते येत नाही.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो. बाकी?"

"बाकी बरं. ठेवू?"

"ठेवा."

मग दादा बराच वेळ त्या काळ्या पडलेल्या मोबाईलपुढे तसेच उभे राहायचे. मला भिंतीपलीकडे वाईट वाटायचं, पण मी जाऊन करणार काय?

पुढे नवं 'ध्रुवयान' सुरू झालं. रंजनाला ते आवडलं आणि तिने तसं फोनवर सांगितलं. झालं! त्या दिवशी तासभर भांडण. पुढच्या शनिवारी भाग संपल्यासंपल्या फोन, पुन्हा तासभर. दारावरून सुरू झालेलं भांडण मिठागरावर जायचं, तिथून वहिनींच्या हातच्या सुक्या जवळ्यावर, तिच्या बँकेतल्या साहेबावर, नातवाच्या गणितावर, आणि परत दारावर यायचं. हा माणूस लेकीशी पोटभर बोलायला शिकला तो एका मालिकेला शिव्या देता देता. मालिका दर आठवड्याला वाईट निघावी, हीच दादांची गरज होती.

आणि अचानक ती बंद झाली. प्रेक्षक कमी पडले म्हणे, शनिवारचा भाग शेवटचा. त्या शनिवारी रंजनाचाही फोन आला नाही. बँकेत काही काम निघालं होतं, तसा तिचा निरोपही होता. पण दादांनी अर्थ लावायचा तोच लावला: मालिका संपली, आता फोनही संपले.

रविवारी महेश पाच-सहा जणांना घेऊन हजर. "दादा, पेढे!" दादा म्हणाले, दुकान बंद होतं. सोमवारी म्हणाले, दूध नासलं होतं. मंगळवारी ते नाक्यावर आलेच नाहीत. परसातला शेवगा शेंगांनी लवला होता आणि त्याच्याकडे बघायला कोणी नव्हतं.

शुक्रवारी शाळेतून आले तर दादा माझ्या पायरीवर बसलेले. बसलेले! मी धसकलेच.

"बाई, एक कागूद लिवायचा हाय. त्या मालिकावाल्यांना. महेशला कलता कामा नये."

मी वही घेतली. त्यांनी घसा साफ केला. "लिवा. सप्रेम नमस्कार. तुमची मालिका..." इथे ते अडले. टॉवेल काढला, पुन्हा बांधला. "तुमची मालिका बरी हाय."

"नुसतं बरी?"

"मंग काय खोटं लिवू?" ते भडकले, आणि लगेच आवाज खाली आला. "बरं, चांगली लिवा. चांगली हाय, बंद करू नका. लोकं घरात बसून बघतात. आनी खाली लिवा, दार लावा."

"दादा, दाराचं नको लिहूया."

"नाय. ते पायजे," दादा म्हणाले. मी लिहिलं.

शनिवारी दुपारी मी तो कागद सुवाच्य करून सहीसाठी त्यांच्या ओटीवर नेला. मोबाईल गजाला बांधलेला होता. बघायला काही नव्हतं, तरी दादा समोर उभे होते. तेवढ्यात तो वाजला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो."

मला वाटलं, आता "ठेवू?" येणार. दादांचे ओठ हललेही.

"बाबा," रंजना म्हणाली, "मला जुनं 'ध्रुवयान' सापडलंय. सगळं. काल पहिला भाग बघितला. त्यात चूक आहे."

दादा ताठ झाले. "जुन्यात? चूक?"

"कप्तान आत येतो, दुसरं दार उघडतं, आणि त्याच्या मागे पहिलं दार उघडंच आहे. चक्क तारे दिसतायत."

"दिवं हायत ते!"

"तारे आहेत, बाबा."

"दिवं! भिंतीवरचं दिवं! तू तवा सात वर्सांची व्हतीस, मांडीवर झोपलेली. तुना काय म्हाईत?"

"म्हणून तर आता नीट बघतेय. बावन्न भाग आहेत. दर शनिवारी एक बघणार आणि तुमच्या कप्तानाची एकेक चूक काढणार."

"काढ! काढून दाखव!" दादा गरजले. पलीकडे रंजना हसत होती. नातवाला हाक मारून ती म्हणाली, थांब रे, चार्जर आण, आजोबांचा पारा चढलाय.

तेवढ्या फटीत दादा दोन पावलं माझ्याकडे आले. हातातला कागद त्यांनी काढून घेतला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तारंच हायत, बाई. मना तवाच दिसलं व्हतं. तिला सांगू नका." मग टॉवेल आवळून ते पुन्हा गजासमोर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दादांनी आळीत पेढे वाटले. आधीच्या शनिवारी मालिका बंद पडली त्याचे ते पेढे, असं महेशने सगळ्यांना सांगितलं आणि स्वतः तीन खाल्ले. माझ्या घरी दादा पेढ्यांबरोबर शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन आले. जाताना दारात थांबले, म्हणाले, "बाई, बावन्न शनवार म्हंजे वरीस झालं ना?" मी हो म्हटलं. मग पायरी उतरताना त्यांनी सवयीने माझं फाटक नीट लागलंय ना, ते खांद्याने ढकलून पाहिलं.