कपाटातली किंकाळी

किंकाळी कशी फोडायची, हे मला कुणी शिकवू नये! बाळ होण्याआधी डबिंगच्या धंद्यात माझ्या किंकाळीला तोड नव्हती. विहिरीत पडणारी, साप पाहणारी, नवऱ्याने स्वयंपाक केलेला पाहणारी, म्हणाल त्या बाईची किंकाळी मी उभ्या उभ्या काढून द्यायचे. एकदा तर स्टुडिओतला वायरमन शिडीवरून खाली आला होता. पायऱ्या न वापरता!

त्यामुळे बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर दिग्दर्शकाचा फोन आला, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "किंकाळी घरूनच पाठवते. आज संध्याकाळच्या आत!"

सिनेमा होता भयपटांची टिंगल करणारा. मुखवट्यातला खुनी, जंगलातलं घर, गेलेली वीज, सगळं जागच्या जागी. फक्त नायिकेने असले सिनेमे ढिगाने पाहिलेले. खुनी सुरा घेऊन आला, की ती त्यालाच झापते, "अरे, मुखवटा नीट लाव, कान दिसतायत तुझे!" मैत्रिणींना बजावते, "एकटं कुणी कुठे जायचं नाही!" आणि मग स्वतःच एकटी तळघरात उतरून किंचाळते.

दुपारी बाळ बाहेरच्या खोलीत पाळण्यात झोपलं. मी बेडरूमच्या मोठ्या कपाटात शिरले, आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून दुलई घेतली, हेडफोन लावले, माइक सुरू केला, किंकाळी फोडली आणि पाठवून दिली.

लगेच फोन. "ताई, नायिकेचा खून होतोय. तुम्ही त्या खुन्याला जोजवताय का?"

मी परत ऐकलं. खरंच की! किंकाळी सुरू व्हायची झोकात आणि संपायची अंगाईसारखी. होणारच! आठ महिने आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. मागे नवऱ्याच्या पायावर कुकरचं झाकण पडलं, तर बिचारा एका पायावर नाचत तोंडातल्या तोंडात ओरडला.

"नीट जमलं नाही, तर नाइलाजाने दुसरीला बोलवावं लागेल," दिग्दर्शक म्हणाला.

"जमेल!" म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर ती अंगाईच पुन्हा ऐकत बसले. बाळाच्या एका हसण्यावर जीव ओवाळून टाकीन मी, पण माझा तो आवाजही माझाच होता ना! तो कुठे हरवला?

पुन्हा कपाटात शिरले. दार ओढलं. या वेळी अंगातली सगळी अपुरी झोप घशात आणली आणि अशी किंचाळले, की हँगर हलले! जोश यावा म्हणून नायिकेचे मागचेपुढचे संवादही म्हटले. कानांवर हेडफोन असल्यामुळे बाहेर काय चाललंय, याचा मला पत्ताच नव्हता. ते नंतर कळलं.

आमच्या खाली निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्यांचा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. दोघांनी वर पाहिलं. आधी किंकाळी, मग "मुखवटा काढ! तू कोण आहेस, ते माहितेय मला!" मग पुन्हा किंकाळी.

"नवरा!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "फार गरीब वाटतो. मला पहिल्यापासून संशय होता!"

आमची जादाची किल्ली त्यांच्याकडेच असते. दोघं दार उघडून आत आली आणि नायिका सिनेमाभर जे जे करू नका म्हणून ओरडते, ते सगळं त्यांनी ओळीने केलं. पडदे ओढलेले असून दिवा लावला नाही. रिकाम्या खोलीला "कोण आहे?" असं विचारलं. वर मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही तिकडे बघा, मी इकडे बघते!"

"मी एकटा?"

"तुमच्या हातात पाना आहे. माझ्या हातात चष्मा!"

प्लंबरने पाळण्यात डोकावलं. "बाई, बाळ तर शांत झोपलंय."

"एवढ्या आरडाओरड्यात? म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर आहे!"

तो पाना उगारून बेडरूममध्ये आला. मी कपाटात तन्मय होऊन म्हणत होते, "दार उघडू नकोस! दार उघडणारा कधी वाचत नाही!"

त्याने उघडलं.

समोर दुलईचा ढीग, त्यातून बाहेर आलेले पिंजारलेले केस आणि गळ्याभोवती वायर. एवढा धिप्पाड माणूस, पण "आई गंऽऽऽ!" अशी काही बारीक शिट्टी निघाली त्याच्या तोंडून! मास्तरीणबाई मागच्या मागे पलंगावर बसल्या.

आणि मी? माझ्यासमोर पाना उगारलेला अनोळखी माणूस! खऱ्याखुऱ्या किंकाळीची अशी संधी जन्मात पुन्हा येणार नव्हती! मी पुढे वाकले, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शूऽऽऽ... आवाज नको. बाळ उठेल."

दोघांना पाणी दिलं, खुलासा केला, हात जोडले. तोवर संध्याकाळ झाली. पुन्हा किंचाळायचं त्राण नव्हतं. जे रेकॉर्ड झालं होतं, ते सगळं रडवेल्या चेहऱ्याने तसंच पाठवून दिलं.

फोन आला.

"ताई, शेवटची किंकाळी कुणाची?"

"प्लंबरची," मी खाली मान घालून म्हणाले.

"नायिकेला तीच लावतो. आणि ते 'शूऽऽऽ' तुमचं? अहो, अंगावर काटा आला माझ्या! इतकी थंडगार कुजबुज मी आजवर ऐकली नाही. खुनी तुम्हीच! मुखवट्याआड कोण आहे, ते कुठे दिसतंय?"

तर हल्ली माझं काम जोरात चाललंय. पाळण्याशेजारी बसून, एका हाताने झोका देत, मी हलक्या आवाजात एकेकाला धमकावून ठार मारते. दुसऱ्या खुनापर्यंत बाळ गाढ झोपलेलं असतं.

नवऱ्याला मात्र अलीकडे झोप लागत नाही म्हणे.