नाक्यावरचा दर

मोहरगावात पेट्रोलचा दर ज्याचा त्याला वेगळा लागतो. ज्याच्यावर जितका संशय, त्याला तितकं महाग.

गावात तीन पंप आहेत. स्टँडसमोरच्या पंपावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा संशय धरतात, नाक्यावरच्या पंपावर नवऱ्याचा किंवा बायकोचा, आणि बाजार समितीजवळच्या पंपावर शेजारपाजाऱ्यांचा. गाडी मशीनसमोर उभी राहिली की आकडे फिरतात, मूळ दरावर जे काही चढायचं ते चढतं, आणि पंपावरचा माणूस कुठल्याही गावात म्हणतात तसंच "झिरो बघून घ्या" म्हणतो. लोक सकाळी तिन्हीकडे चक्कर मारून दर बघतात आणि जिथे कमी पडेल तिथे भरतात. या चकरांत थोडं पेट्रोल जळतं, पण घरात आपल्याविषयी काय चाललंय ते नाश्त्याच्या आत कळतं, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. बिनलग्नाच्या माणसाला नाक्यावर मूळ दर लागतो, म्हणून तिथे कॉलेजच्या मुलांची गर्दी असते.

शलाका लग्न होऊन सांगलीहून आली. सांगलीत पेट्रोलचा दर पेपरात छापून येतो आणि तो सगळ्यांना सारखा असतो. ती मुळात कमी बोलणारी. नवीन घरात आणखीच कमी बोलायची आणि बघायची मात्र सगळं. कोण कुठल्या खुर्चीवर बसतं, चहात साखर कोण चोरून घालतं, आणि परसात चादर पांघरून उभी असलेली ती गाडी कुणाची.

पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी 'पहिली टाकी' असते. नवी सून गाडी चालवते, सासू मागे बसते आणि दोघी तिन्ही पंपांवर जाऊन दर बघून येतात. शलाकाने माहेरहून आणलेली स्कूटी काढली. सासूबाई, म्हणजे उज्ज्वलाताई शेटे, पदर खोचून मागे बसल्या.

नाक्यावर मूळ दर लागला. बाजार समितीपाशी दीड रुपया चढला.

"तो तुझ्या केसांचा," सासूबाई म्हणाल्या. "कापलेत ना. उतरेल महिनाभरात."

स्टँडसमोरच्या मशीनवर आकडे फिरले आणि मूळ दराच्या वर चार रुपयांवर थांबले. वडीलधारं माणूस तेव्हा शलाकाच्या मागच्या सीटवर बसलेलं होतं आणि आकड्याकडे तिच्याइतक्याच शांतपणे बघत होतं.

"चार रुपये तर सगळ्यांनाच लागतात गं," त्या म्हणाल्या. "मला अकरा लागले होते."

घरी आल्यावर चहाबरोबर नातेवाइकांना दर सांगण्यात आले. चार म्हणजे चांगलेच आहेत, असं सगळ्यांचं मत पडलं. हर्षदने, तिच्या नवऱ्याने, स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "नाक्यावर?"

"मूळ दर."

तो हसला. मग ती पण हसली.

हर्षद शेतीच्या औषधांच्या कंपनीत होता आणि रोज दोन-तीन गावं फिरायचा. शलाकाला जवळच्या कुरणवाडीच्या शाळेत नोकरी लागली. कुरणवाडीला एसटी दुपारी जाते आणि शाळा सकाळी भरते, तेव्हा नोकरी म्हणजे स्कूटी आणि स्कूटी म्हणजे पेट्रोल, असा साधा हिशेब होता. शिवाय गावात एक नियम होता. तिन्हींपैकी कुठल्याही पंपावर ज्याचा दर मूळ दराच्या वर दहा रुपयांपलीकडे जातो, त्याच्यासाठी गावातली एकही नळी हुकावरून सुटत नाही. मग ती गाडी परसात जाते आणि तिच्यावर चादर पडते. शाळेत जाताना शलाकाला वाटेवरच्या परसांतून अशा बऱ्याच चादरी दिसत. बहुतेक फुलाफुलांच्या असत.

पहिल्यांदा माहेरी जाऊन परत येताना तिच्याकडून चूक झाली. हायवेवर, मोहरगावच्या फाट्याला, एक पंप आहे. तिथे सगळ्यांना एकच दर लागतो. ट्रकवाले सोडले तर गावातलं कुणी तिथे थांबत नाही. ज्याला काही लपवायचंय तोच एकदराच्या पंपावर जातो, हे मोहरगावातल्या लहान मुलालाही माहीत असतं. शलाकाला माहीत नव्हतं. काटा खाली आलेला दिसला, पंप दिसला, तिने सांगलीच्या सवयीने गाडी वळवली. पेट्रोल भरणाऱ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला उगाचच बरं वाटलं.

त्याच वेळी फाट्यावरून एसटी वळली आणि खिडकीत शेजारच्या सुषमामावशी होत्या.

दुसऱ्या दिवशी बाजार समितीपाशी तिचा दर सहा रुपयांनी चढलेला होता. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. शेजार तो शेजार. पण नाक्यावरही दोन रुपये चढले होते, ते तिने पुन्हा पुन्हा वाचले.

रात्री जेवताना तिने विषय काढला.

"नाक्यावर दोन रुपये चढलेत."

"कुणाला?" हर्षदने भाकरी मोडत विचारलं.

"मला."

"असं होय."

"तुला काही विचारायचंय का?"

"मला? नाही. मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाला नाहीस. चढलेत."

सासरे, म्हणजे अप्पा, ताटातून वर न बघता म्हणाले, "दोन म्हणजे काही नाही. दोन तर वाऱ्यानेही चढतात. मला तीस वर्षं नाक्यावर साडेतीन लागतात. मी कधी काही विचारलं नाही."

सासूबाईंनी त्यांना आमटी वाढली.

"मी फक्त फाट्यावर पेट्रोल भरलं," शलाका म्हणाली. "हवा पण भरायची होती, पण हवेवाला दिसला नाही."

"मागे असतो तो," हर्षद म्हणाला. "टपरीच्या अंगाला. हाक मारावी लागते."

बोलून झाल्यावर त्याने पाणी मागितलं. तांब्या त्याच्याच हाताशी होता. शलाकाने तो उचलून त्याच्या पेल्यात पाणी ओतलं आणि मनात एवढंच नोंदवलं, की मोहरगावातल्या माणसाला फाट्यावरचा हवेवाला कुठे बसतो ते ठाऊक असायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी हर्षद संध्याकाळी घरी आला तो हेल्मेट हातात घेऊनच तिच्यापुढे उभा राहिला.

"मला आज नाक्यावर तीन रुपये जादा पडले."

"मी काही म्हणाले नाही."

"म्हणायला कुठे लागतं?"

त्यानंतर दोघांचे दर एकमेकांना धरून चढायला लागले. त्याचे तीन झाले म्हणून तिला आणखी वाटे, की असं काय आहे ज्याची याला इतकी धास्ती. आणि तिचे पाच झाले की त्याला वाटे, ही इतकी कसला विचार करते. घरात आवाज चढला नाही. उलट दोघं फार गोड बोलत. "तू बस, मी करतो," "राहू दे, मी आणते," असं दिवसभर चालायचं, आणि सकाळी दोघं वेगवेगळ्या वेळेला नाक्यावर जाऊन यायची. एकदा तिथे समोरासमोर आली. हर्षद दर बघून निघत होता, ती बघायला आली होती. त्याने हात केला. तिनेही केला. तिचा आकडा आठ.

त्या दिवशी सासूबाईंनी कपाटातून एक धुतलेली चादर काढून खुंटीवर ठेवली. जास्वंदीच्या फुलांची होती.

"असू दे हाताशी," त्या म्हणाल्या. "आयत्या वेळी शोधाशोध नको."

शलाकाने चादरीकडे पाहिलं, मग परसातल्या गाडीकडे. ती सासूबाईंची कायनेटिक होती, मोरपंखी रंगाची. दर दसऱ्याला त्या मिस्त्रीला बोलावून तिचा प्लग साफ करून घेत, तिला झेंडूचा हार घालत आणि पुन्हा चादर टाकत.

"आई, तुमचे अकरा उतरले नाहीत का कधी?"

"कसे उतरणार? ते आमच्या सासूबाईंचे होते. त्या गेल्या आणि दर तसाच राहिला. उतरवायला माणूस लागतं."

"त्या असताना?"

"असताना खिडकीवर चला म्हटलं तर म्हणायच्या, माझा कुठे संशय आहे."

ही खिडकी नाक्यावरच्या पंपाच्या ऑफिसला आहे, तिन्ही पंपांसाठी मिळून एकच. तिला खुलासा खिडकी म्हणतात. गुरुवारी दुपारच्या सुट्टीपर्यंत ती उघडी असते आणि संशय घेणाऱ्याने तिथे येऊन संशय बोलून दाखवला तर तो दरातून वजा होतो. सोय चांगली आहे, पण तिच्या काचेवर धूळ असते. लोकांना जादा दर भरणं परवडतं.

गुरुवारी शलाकाने शाळेतून सकाळची रजा घेतली आणि हर्षदला म्हणाली, "चल."

"कुठे?"

"नऊ झालेत."

त्याने घड्याळाकडे बघितलं नाही. तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं. तो खुंटीवरच्या चादरीकडे बघत चपला घालायला लागला.

खिडकीत मॅनेजर खरोटे होते. त्यांनी आधी काच पुसली, मग चष्मा.

"संशय कुणाचा, कुणावर?"

"माझा, हिच्यावर," हर्षद म्हणाला. "आणि हिचा माझ्यावर."

"म्हणजे दोन झाले. एकेक घेऊ. एका वाक्यात सांगायचं आणि 'मला वाटतं'पासून सुरुवात करायची. समोरच्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. चर्चा घरी जाऊन. इथे लोक मूळ संशय सोडून लग्नातल्या मानपानावर जातात, म्हणून सांगतोय."

"आणि उत्तर वाईट आलं तर दर वाढतो का?" शलाकाने विचारलं.

"छे. उत्तर कसलंही येवो, कळलं की संशय संपला. आम्ही संशय धरतो, ताई, दुःख धरत नाही. त्याचं मशीन नाही आपल्याकडे."

हर्षद खिडकीच्या कठड्यावर बोटाने रेघा ओढत राहिला. मागे एक रिक्षावाला हवा भरायला थांबला होता, त्याने कान इकडे लावले.

"मला वाटतं," हर्षद म्हणाला, "हिला आमच्या गावापेक्षा फाट्यावरचा पंप बरा वाटतो."

शलाकाला दुसरंच काहीतरी येईल असं वाटलं होतं. कुणीतरी माणूस, सांगलीतलं जुनं कुणीतरी. त्याला तिने 'नाही' तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं.

"हो," ती म्हणाली.

खरोट्यांनी मान डोलावली. "तुमचा?"

"मला वाटतं, हा माझ्या आधीपासून फाट्यावर जातो."

हर्षदने रिक्षावाल्याकडे पाहिलं. रिक्षावाल्याने टायरकडे पाहिलं.

"हो," हर्षद म्हणाला. मग चर्चा घरी करायची असूनही पुढे म्हणाला, "कॉलेजपासून. महिन्यातून एकदा. तिथे कुणी बघत नाही."

"झालं," खरोटे म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

मशीनसमोर आधी तिने गाडी लावली, मग त्याने. दोघांना मूळ दर लागला. "झिरो बघून घ्या," पंपावरचा माणूस म्हणाला. दोघांनी एकमेकांचा झिरो बघितला. शलाकाने टाकी काठोकाठ भरून घेतली आणि तडक शाळेला गेली. वाटेत तिला वाटलं, की आपल्याला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. तसं काही वाटत नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंनी खुंटीवरची चादर काढली. कपाटात ठेवता ठेवता, पाठमोऱ्याच, त्यांनी विचारलं, "फाट्यावर सगळ्यांना सारखाच दर म्हणतात, ते खरं का?"

"खरं."

"म्हणजे माझ्यासारखीलाही?"

"बघतसुद्धा नाहीत, आई, कोण आलंय ते."

सासूबाईंनी कपाट लावलं. "ऐकून होते मी. पण फाट्यापर्यंत जायला आधी गाडीत पेट्रोल लागतं."

"इतक्या वर्षांत कुणाकडे मागितलं नाहीत?"

"कुणाकडे मागणार? ह्यांच्याकडे? का हवंय म्हणून विचारलं असतं त्यांनी. मग नाक्यावरही चढले असते."

रविवारी सकाळी अप्पा दर बघायला बाहेर पडल्यावर शलाकाने परसात स्कूटी आणली. नळीचं एक टोक आपल्या टाकीत घातलं, दुसरं कायनेटिकच्या. सासूबाई चादरीची घडी घालत होत्या, टोकाला टोक नीट जुळवून; अप्पा कुठे गेलेत याचा त्या सकाळी त्यांच्या मनात विचारही नव्हता. बटणाने गाडी सुरू होईना. त्यांनी शलाकाला बाजूला केलं, पदर खोचला आणि किक मारली. चौथ्या किकला परसात निळा धूर झाला. सुषमामावशी भिंतीवरून डोकावल्या.

"काय गं उज्ज्वला, कुठे?"

"फाट्यावर," सासूबाई म्हणाल्या. "पेट्रोल भरायला."

सगळंच सांगून टाकलेल्या बाईवर संशय घ्यायला सुषमामावशींकडे काही उरलं नव्हतं.

थोड्या वेळाने अप्पा परत आले. अंगणात गाडी लावून ते पायरीवर बसले. शलाकाने चहा आणून दिला.

"मला आज नाक्यावर मूळ दर लागला," ते म्हणाले.

"बरं झालं की, अप्पा."

"साडेतीन लागतात मला. कायम." त्यांनी चहाचा कप पायरीवर ठेवून दिला. "मी मशीन दोनदा बघायला लावलं. खरोटेंना बोलावलं. ते म्हणाले, मशीन बरोबर आहे, घरी बघा." मग त्यांची नजर परसाकडे गेली. तिथे जमिनीवर तेलाचा एक डाग होता आणि त्याच्या शेजारी घडी घातलेली चादर. "ही कुठे गेली?"

"येतील. टाकी भरायला गेल्यात."

"कुठे?"

"फाट्यावर."

अप्पा उठून फाटकापाशी गेले, एकदा फाट्याच्या दिशेला आणि एकदा उलट्या दिशेला बघितलं, आणि गज धरून उभे राहिले. चहावर साय धरली. त्या वेळी नाक्यावर सासूबाईंचा दर किती चढला असेल, याचा शलाकाने मनातल्या मनात अंदाज घेतला. पण तिथे त्या नव्हत्याच, त्यामुळे मशीनने तो कुणाला दाखवला नाही.