मेजरांची काठी, मॉडेल वन-बी-वन

नवी चप्पल घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला खोलीवर आलो, तर चप्पल जागेवर नाही. पलंगाखाली नाही, बाल्कनीत नाही. शेवटी दही काढायला फ्रीज उघडला, तर वरच्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीला टेकून, माझ्या दोन्ही चपला गारठून पडलेल्या.

"मेजर, ही माझी चप्पल..."

"हात लावू नकोस. ट्रायल चालू आहे."

"अहो, पण दोह्यात बर्फ कुठं पडतो?"

मेजर ताडकन उठून बसले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच ते जणू सकाळपासून थांबले होते. "शाबाश! खाली मैदानात सगळं झकासच असतं रे. वर बर्फात नेली रायफल, आणि गोळ्यांच्या मॅगझिनला चीर! प्लास्टिक ते. थंडीत कसं वागतं हे थंडीतच कळतं. पुढं त्यांनी माल बदलला, मजबूत केला. पण बदल का झाला, ते विचार!"

मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, खाली कुणी नाही बघून बाल्कनीतून पार्किंगमध्ये टाकल्या, जिना उतरून गेले, पट्टे वाकवून पाहिले आणि वर येऊन माझ्यापुढं ठेवल्या. "पास. घाल आता बिनघोर."

ही आमच्या अल मुंतझाच्या खोलीतली नेहमीची गोष्ट. मेजर म्हणजे खरं तर हवालदार. पण आमच्या सातारकडं फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणायची पद्धत आहे, आणि दोह्यात आल्यावर ती पद्धत तरी कशाला सोडायची? फौजेत ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या रायफली दुरुस्त करणारे. आता एका कंपाउंडच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. तिथं त्यांच्या हातात वॉकीटॉकीपलीकडं काही नसतं. त्यामुळं रायफलीबद्दल साठलेलं सगळं बोलणं खोलीवर येऊन आमच्या अंगावर सांडतं.

आम्ही म्हणजे मी आणि विन्सी. विन्सी वसईचा, हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला, तोंडाचा फटकळ. मी आठवीत शाळा सोडलेला, स्वभावानं भित्रा. लिफ्ट जरा हलली तरी मला गाव आठवतं. मेजरांनीच ओळखीतून मला खालच्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात चिकटवलं. सुरुवातीला स्क्रूचे नंबर मला कळेनात, तेव्हा शुक्रवारी सकाळी चहा पाजत पाजत त्यांनीच शिकवले. या माणसानं माझी चप्पल काय, मलाच फ्रीजरमध्ये ठेवलं असतं तरी मी गप बसलो असतो.

मेजरांचा जीव इन्सास रायफलीवर. आधीची एसएलआर वजनाला भारी, बार केला की खांद्याला लाथ घालणारी. मग आली इन्सास. हलकी, गोळी बारीक, मॅगझिन पारदर्शक, म्हणजे किती गोळ्या उरल्या ते डोळ्यांना दिसावं. पण मेजरांचा खरा आनंद रायफल नवी आली यात नव्हता. ती आल्यावर तिच्यात काय काय दुरुस्त होत गेलं यात होता. "पहिलं मॉडेल कुणाचं बरोबर येतं का? बायकोची पहिली भाकरी आठव," असं ते म्हणत. विन्सी लगेच म्हणे, "मेजर, माझं तर अजून लग्नच नाही!"

"मग तुझी ट्रायल बाकी आहे."

एकदा मी कांदा चिरत होतो. मेजरांनी माझ्यासमोरची भाजी ओढली आणि दुधी भोपळा उचलला. "ही एसएलआर." मग पडवळ. "ही इन्सास." पडवळाचं टोक सुरीनं उडवलं. "पुढं बॅरल जरा आखूड केली. का? गाडीतनं उतरताना, झाडीतनं जाताना अडते म्हणून." मग मधोमध वाकवलं, तर ते मोडलं. "घडीचा बट, खांद्याला टेकायचा भागच दुमडतो. हे पडवळ फेल." त्या दिवशी आम्ही दुधी-पडवळाची मिसळभाजी खाल्ली आणि विन्सीनं जाहीर केलं, "दोन्ही रायफली बेचव."

हे सगळं वर्षभरापूर्वीपर्यंत निव्वळ गंमत होती. मग गावाकडं मेजरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अर्धांगाचा झटका आला. मेजर धावत गेले, त्या हॉस्पिटलच्या खाटेवर असेपर्यंत थांबले, आणि रजा संपल्यावर परत आले. काकू सुधारल्या, घरात भिंत धरून हिंडू लागल्या. पण ओट्याच्या खाली उतरेनात. बाजारातली काठी आणून दिली, तर ती त्यांनी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावली. "म्हातारीची काठी मला नको," म्हणाल्या. उजव्या हातात जोर नाही, काठी घसरते, पडायची धास्ती. एकेकाळी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चढ चढणारी बाई ओट्यावर अडकली.

मेजरांनी फोनवर एवढंच ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात हजर. "पाइप दाखव. काठी करायची आहे. ती ओटा उतरून डेअरीपर्यंत गेली पाहिजे."

पहिलं मॉडेल लाकडाचं झालं, मागं रायफलीसारखा बट काढलेला. विन्सीनं उचलून पाहिलं. "मेजर, काकूंना चालायचं आहे की लढायचंय?"

"भारी आहे," मेजर स्वतःच म्हणाले. तेवढ्यानं नाउमेद झाले नाहीत. उलट डोळे चमकले. "एसएलआरचीच चूक केली!"

दुसरं अॅल्युमिनियमचं, घडीचं. मूठ डाव्या हाताची. "इन्सासचा कॉकिंग हँडल, गोळी चढवायचा दांडा, डाव्या बाजूला. का? उजवा हात घोड्यावरनं हलवावा लागू नये. इथं उजवा हात कामाचाच नाही, म्हणून सगळा कारभार डावीकडं!" मुठीच्या आत गोळ्या ठेवायला झाकणाचा कप्पा. "जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या बटमध्ये तेलाची बाटली आणि साफसफाईचं सामान ठेवायला जागा असायची. नवी रायफल आली तरी तो कप्पा तसाच ठेवला. चांगलं आहे ते फेकायचं नसतं." काकूंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिथं जाणार होत्या.

मग ट्रायल! उन्हाळा ऐन भरात. गच्चीवर काठी ठेवली आणि भर दुपारी मला धरायला लावली. मी किंचाळलो. मुठीला कापड आलं. वाळूच्या बादलीत खुपसून घडीचा सांधा अडकतो का पाहिलं. अडकला. त्याला रबराची टोपी आली. फ्रीजरमध्ये बुडाचं रबर कडक होतं का पाहिलं. सातारकडं एवढी थंडी कधी पडली, असं विचारायची आता कुणाची छाती नव्हती. न्हाणीघरात साबणाचं पाणी ओतून मला चालायला लावलं, उजवा पाय ओढत. मी जो पडलो तो बादली घेऊनच. मेजर आधी काठीकडं धावले, मग माझ्याकडं. "तुला लागलं का? बरं, रबर फेल."

घसरू नये म्हणून त्यांनी खाली तीन पाय लावले. आठवडाभर खूश. मग मीच सांगितलं की गावच्या घरात फरशी खालीवर, तिथं तीन पायांवर काठी तिरकी उभी राहील. मेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "इन्सासमध्ये तीन-तीन गोळ्यांचा बर्स्ट होता, घोडा एकदा दाबला की तीन बार. पुढच्या सुधारित मॉडेलमधनं तो काढला. आपणही तीन काढू!" पुन्हा एकच पाय, पण रुंद रबराचा.

एवढं सगळं झालं, एका गोष्टीवर मात्र ते अडून राहिले. मी म्हटलं, "दुकानातल्या काठ्यांना भोकं असतात, उंची कमीजास्त करता येते. तशी पाडून देतो."

"ज्याला माप ठाऊक नाही त्यानं भोकं पाडावीत," मेजर म्हणाले. "मला ठाऊक आहे."

शेवटी एका शुक्रवारी त्यांनी काठी टेबलावर ठेवली, अटेन्शनमध्ये उभे राहिले. "मॉडेल वन-बी-वन. पास. यल्ला!" नाव इन्सासच्याच एका मॉडेलचं. विन्सीनं शिट्टी वाजवली. योगायोगानं माझी सुट्टी मंजूर झालेली. काठी मी न्यायची ठरलं.

पण पोचवणाऱ्याला 'खोलना-जोडना' आलं पाहिजे, ही मेजरांची अट. म्हणजे काठी पूर्ण सुटी करायची आणि पुन्हा जोडायची, भागांची नावं घेत. नावं अर्थातच रायफलीची. मूठ म्हणजे बट, पाइप म्हणजे बॅरल. मी पोपटासारखं पाठ केलं. हेच मला विमानतळावर नडलं.

तपासणीच्या पट्ट्यावरून काठी पुढं गेली आणि तिथल्या साहेबानं ती उचलली. घडी, झाकण, रबर, सगळं निरखलं. "What is this?"

माझ्या तोंडातून पाठ केलेलं तेवढं बाहेर आलं. "Sir, this butt, this barrel..."

"Barrel?"

माझ्या डोळ्यांपुढं गाव, आई, जेल असं एका रांगेत उभं राहिलं. "No no sir! Stick! Aunty stick! Walking, walking!" मी तिथंच उजवा पाय ओढत चालून दाखवलं. मागच्या रांगेतलं एक लहान मूल हसायला लागलं. साहेबानं काठीची घडी उघडली. खटकन सांधा बसला. त्यानं दोन पावलं टाकून पाहिली, मुठीचं झाकण उघडून आत डोकावला, मग शेजारच्याला हाक मारून अरबीत काहीतरी सांगितलं. तोही चालून आला. मग पहिला हिंदीत म्हणाला, "किधर मिलता है? मेरी माँ के लिए चाहिए."

"नहीं मिलता सर. एक ही बनाया है."

"माशाल्ला," तो म्हणाला आणि काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी.

घरी गेल्यावर आईला भेटलो आणि दुसऱ्याच सकाळी एसटीनं मेजरांच्या गावी. काकू दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर बसलेल्या दिसतात तशाच, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. "आलास व्हय? दोह्याची पोरं वाळत्यात बघ सगळी. आन हे काय आनलंस?"

मी काठी जोडून दिली, कप्पा दाखवला. त्या हसल्या. "ह्यांचं डोकं! गोळ्यासुदिक काठीत!" मग चौकट धरून उभ्या राहिल्या, आणि मी बघतच राहिलो. खुर्चीत बसलेल्या काकू वेगळ्या आणि उभ्या काकू वेगळ्या. कमरेतून त्या पुढं, उजवीकडं वाकल्या होत्या, चांगल्याच. काठीची मूठ पार बरगड्यांच्या वर आली. कोपर पंखासारखं उचललं गेलं.

"कुनाच्या मापाची हाय ही?"

"काकू, सुतार आहे ना गावात? आत्ता कापून आणतो, पाच मिनिटांचं काम."

"थांब. आधी फोन लाव."

पहिल्याच रिंगला मेजर. कॅमेरा माझ्याकडंच होता. "ग्रिप कशी आहे? कापड घामानं भिजतं का? सांधा? बोल की, रिपोर्ट दे!"

"मेजर, सगळं पास. फक्त... जरा लांब झालीय."

"अशक्य! माझ्या शर्टाच्या खिशाच्या बटणापर्यंत डोकं येतं तिचं. लग्न झाल्यापासनं. त्या बटणावरनंच माप घेतलं मी, लांब कशी होईल? तू चुकीची जोडलीस. ती आता..."

ते मधेच थांबले. मागून कंपाउंडच्या गेटचा आवाज येत होता.

"उभी आहे का ती?" त्यांनी हळू विचारलं. "दाखव."

मी फोन वळवला. काकूंनी पदर सारखा केला. जितकं ताठ होता येईल तितकं व्हायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. काठीला धरून तशाच वाकलेल्या उभ्या राहिल्या आणि सरळ फोनकडं पाहू लागल्या. मेजरांच्या तोंडून आता रायफलीचं एक अक्षर नाही.

"हा पोरगा कापून आनतो म्हनतोय," काकू म्हणाल्या. "मी न्हाई म्हनलं. कापायची असंल तर सोता येऊन कापा."

"हो," मेजर म्हणाले.

फोन बंद करायचं कुणालाच सुचेना, आणि मी दोघांच्या मधे हात लांब करून, श्वास धरून, फोन हलू न देता उभा राहिलो.